दुःखद वार्ता आणि जुना हलर

“ओपन रेट बघितला का, सर?” आदित्यभाऊंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

बघितला होता. पडद्यावर एक आडवी पट्टी होती. तिचा बहुतेक भाग करडा होता आणि डाव्या टोकाला थोडासा हिरवा. हिरवा म्हणजे ज्यांनी आमचा मेल उघडला ते लोक. करडा म्हणजे बाकीचं जग.

“लोक उघडतच नाहीत. एंगेजमेंट शून्य.”

“शून्य नाही. थोडे उघडतात.”

“त्यात आपल्या ऑफिसचे किती?”

ऑफिसचेही सगळे उघडत नव्हते.

आमचा धंदा राइस मिलच्या यंत्रांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा. ऑफिस आणि गोदाम चंद्रपूरला, मूल रस्त्यावर. गिऱ्हाईक म्हणजे मूल, सिंदेवाही, गोंडपिपरी, गडचिरोली ते पार सिरोंच्यापर्यंतचे मिलमालक. या सगळ्यांना दर महिन्याला ‘मिल-मित्र’ नावाचं न्यूजलेटर ईमेलने जायचं. न्यूजलेटर म्हणजे कंपनीने गिऱ्हाइकाला पाठवलेलं छोटं वार्तापत्र. गिऱ्हाइकाने ते मागितलेलं नसतं, हा त्याचा मुख्य गुण. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. ग्रंथपालाला शुद्ध लिहिता येतं, एवढ्याच भरवशावर मोठ्या शेठनी, म्हणजे आदित्यभाऊंच्या वडिलांनी, मला टेबल दिलं होतं.

मिलमालक ईमेल बघत नाहीत, असं नव्हतं. जीएसटीचं बिल मेलवरच येतं, त्यामुळे मोबाइलमधला तो लिफाफा सगळे रोज उघडतात. आमचं पत्र तेवढं सोडून देतात. त्यांचं फार चुकत नव्हतं. अंकात सणाच्या शुभेच्छा, संचालकांचं मनोगत, या महिन्याचं यंत्र आणि शेवटी आरोग्य टिप असायची. टिप आदित्यभाऊंच्या आग्रहाने. मिलमालकांनी सकाळी कोमट पाणी प्यावं, हे आम्ही त्यांना दरमहा वेगवेगळ्या शब्दांत कळवत होतो.

“दिवाळीपर्यंत आकडा हलला नाही तर नागपूरच्या एजन्सीला देऊन टाकू,” आदित्यभाऊ म्हणाले. “तुमच्यावर राग नाही, सर. सिस्टिमचा प्रश्न आहे.”

राग नव्हता हे खरं. पण न्यूजलेटर गेलं की टेबल जाणार, हेही खरं होतं. पेन्शन सुरू होती, त्यामुळे खाण्यापिण्याची काळजी नव्हती. घरी सुमन, माझी बायको, अंथरुणाला खिळलेली होती. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तिच्यानंतर सकाळी कपडे करून कुठे जायचं, हा प्रश्न मला दिसत होता. त्याचं उत्तर म्हणून माझ्याकडे हे एकच टेबल होतं.

कोणी मेल उघडला याची नावानिशी यादीही आम्हाला दिसते. त्या यादीत सुमन होती. तिचा पत्ता मीच घातला होता. ती दर अंक उघडायची, शेवटपर्यंत वाचायची आणि म्हणायची, “चांगला आहे. कोणासाठी लिहिता हो हा?” मी म्हणायचो, मिलमालकांसाठी. ती म्हणायची, “त्यांना सांगितलं का?”

पोळ्यानंतर ती गेली. ओपन रेट तेवढ्याने खाली आला.

मी घरी होतो. इथे तेराव्याला तेरवी म्हणतात. तेरवीचा निरोप ज्याच्याशी ज्याच्याशी व्यवहार आहे त्या प्रत्येकाला जायला हवा. एखादा राहून गेला, तर तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. माझ्या घरचे नातेवाईक घरच्यांनी सांभाळले. ऑफिसचे लोक प्रमोद गेडामने अंगावर घेतले. प्रमोद आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर. बिलं तो करतो, मेलची यादीही त्याच्याच ताब्यात. त्याने विचार केला की सरांचा व्यवहार कोणाकोणाशी? तर न्यूजलेटरच्या यादीतल्या सगळ्यांशी. त्याने सगळ्यांना मेल पाठवला.

सब्जेक्ट लाइन, म्हणजे मेल उघडण्याआधी वर दिसते ती ओळ, त्याने ‘दुःखद वार्ता’ अशी लिहिली. खाली मजकूर होता: आमच्या सरांच्या मंडळी सुमनबाई गेल्या. तेरवी रविवारी सरांच्या घरी आहे. यावे. मग घराचा पत्ता.

मला हे रविवारी सकाळी कळलं. अंगणात दोन गाड्या थांबल्या होत्या आणि त्यातून उतरणाऱ्यांपैकी मी कोणालाच ओळखत नव्हतो.

“सर म्हणजे तुमीच का जी?” त्यांच्यातल्या एका उंच माणसाने विचारलं. “मी वासुदेव झाडे. गोंडपिपरीचा. तुमचा तो पेपर येते ना मोबाइलात, त्याच्यातला.”

“वाचता का तुम्ही तो?”

“नाई जी,” तो सरळ म्हणाला. “पण बाई गेल्या मनून समजलं.”

सोबत त्याची बायको शांताबाई होती. तिने पिशवीभर तांदूळ आणला होता, त्यांच्याच मिलचा. तो तिने आत नेऊन दिला आणि माझ्या बहिणीजवळ जाऊन बसली. बरेच आले त्या दिवशी. जे आले नाहीत त्यांनी मेलला उत्तर पाठवलं. कोणी दोन ओळी लिहिल्या, कोणी नुसते हात जोडलेलं चित्र. जेवणाची दुसरी पंगत वाढवावी लागली. ती आदित्यभाऊंनी स्वतः वाढली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून ते वाईट माणूस वाटतील. ते वाईट नाहीत. पुण्याला शिकून आले आहेत.

मी कामावर परत आलो त्याला काही दिवस झाल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, हे आत्ता बोलू नये. पण एकदा बघा.”

पट्टी जवळजवळ पूर्ण हिरवी होती.

“म्हणजे यादी बरोबर आहे,” ते म्हणाले. “लोक मेल बघतात. प्रॉब्लेम सब्जेक्ट लाइनचा आहे.”

हे निदान बरोबर होतं. त्यात मला आजही चूक दिसत नाही.

“आपला जुना हलर बंद करतोय ना आपण? त्याचीच बातमी द्यायची आहे. तीच या सब्जेक्ट लाइनने देऊ.”

हलर म्हणजे धानाचं टरफल काढणारं जुन्या पद्धतीचं लोखंडी यंत्र. मोठ्या मिलमध्ये आता रबराच्या रोलचे शेलर आले आहेत. त्यात तांदूळ कमी तुटतो. खेड्यातल्या छोट्या मिल मात्र अजून हलरवर चालतात. आमच्या कंपनीने फार वर्षांपूर्वी विकलेल्या हलरचे पार्ट बनवणं आता परवडत नव्हतं, म्हणून ते बंद करायचं ठरलं होतं.

“हलर मेलेला नाही, आदित्यभाऊ. आपण पार्ट बंद करतोय.”

“इमोशनल कनेक्ट, सर. एजन्सीवाले दुसरं काय करतात? लोकांच्या मनात त्या शब्दांबद्दल एक भावना आहे.”

“ती सुमनबद्दल होती.”

“सॉरी, सर,” ते म्हणाले. “पण आकडा तर खरा आहे ना?”

“आकडा खरा आहे. मी हे लिहिणार नाही.”

“मग मी करतो. काही हरकत नाही.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “फक्त दिवाळीनंतर मग, सर, म्हणजे...” त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. गरजही नव्हती.

मेल त्यांनी स्वतः बनवला. हलरचा फोटो, फोटोला हार, भोवती काळी चौकट. खाली अक्षरं: आपला जुना साथी निरोप घेत आहे, आता त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत, नवा शेलर घ्या. दिसायला काम सफाईदार होतं. पण सगळा मजकूर फोटोच्या आतच लिहिलेला होता. जिथे नेटवर्क कमी असतं तिथे फोटो उतरत नाही, त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. मग मजकूरही चौकोनातच राहतो. मी तेवढं सांगितलं.

“आता सगळीकडे नेट आहे, सर.”

चंद्रपुरात बसून तसं वाटतं.

संध्याकाळी मेल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच फोन वाजला. प्रमोदने उचलला.

“हॅलो. हो, हेच ऑफिस. काय? कोणाची?” त्याने माझ्याकडे बघितलं. “सर, सिरोंच्याहून आहे. मयत कितीला निघते विचारून राह्यले.”

“कोणाची मयत?”

प्रमोदने फोनमध्ये तोच प्रश्न विचारला, ऐकलं आणि मला सांगितलं, “ते म्हणते, तेच तं इचारून राह्यलो.”

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. वासुदेवभाऊ झाडे उतरले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. मागून शांताबाई, डोळ्याला पदर. तिसरे त्यांचे शेजारी असावेत, ते दारातच थांबले आणि चप्पल काढून उभे राहिले. आमच्या ऑफिसात कोणी चप्पल काढत नाही.

वासुदेवभाऊ माझ्यापाशी आले आणि माझा हात हातात धरला.

“सर, तुमचं दुःख ताजंच हाये. त्याच्यावर हे अजून.”

“बसा, वासुदेवभाऊ. प्रमोद, पाणी दे. चहा सांग.”

“नाई जी. आज चहा नाई.” पाण्यालाही त्यांनी हात लावला नाही. शांताबाईंनी हुंदका दिला. “माह्या लग्नात आले होते मोठे शेठ,” त्या म्हणाल्या. “मले साडी देल्ली होती.”

आता माझ्या लक्षात आलं. कंपनीच्या नावाने मेल, वर ‘दुःखद वार्ता’, खाली रिकामा चौकोन. कंपनीत वयाने सर्वांत मोठं कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. अशी बातमी आली की आमच्याकडचा माणूस फोन करून खात्री करत बसत नाही. ते बरं दिसत नाही. लांबचा फक्त वेळ विचारतो आणि जवळचा निघतो.

“वासुदेवभाऊ,” मी शक्य तेवढ्या सावकाश म्हणालो, “मोठे शेठ गोदामात आहेत.”

त्यांनी मान खाली घातली.

“गोदामातच ठेवलं काय?”

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. गोदामाचं दार उघडून मोठे शेठ आत आले. हमालाशी चाललेलं भांडण त्यांनी दारातच संपवलं आणि इकडे वळले.

“अरे वासुदेवा. आज कुठी?”

शांताबाईंनी रडणं थांबवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. वासुदेवभाऊ उठले आणि मोठ्या शेठच्या पाया पडले. त्यांचा हात शेठच्या पायावर जरा जास्त वेळ राहिला. खात्री करत असावेत.

“बरे हाये ना जी?”

“बरा हाये. काऊन? तुमी असे काऊन उभे? अन् हे बाई काऊन रडून राह्यली होती?”

दारातला शेजारी म्हणाला, “शेठ, तुमी गेले मनून आलो.”

मोठ्या शेठनी खुर्ची ओढली आणि बसले. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. सांगत असतानाच मूलचे दोन मिलमालक आले. त्यांच्या हातात हार होता. शेठना बघून त्यांनी तो मागे लपवला.

“दे इकडे,” शेठ म्हणाले. “माह्यासाठीच आणला ना?” हार घेऊन त्यांनी टेबलावर ठेवला. मग प्रमोदकडे वळले. “फोन कोणाकोणाचे आले?”

प्रमोदने नावं सांगितली.

“गडचिरोलीवाल्याचा?”

“नाई आला, शेठ.”

“हं,” शेठ म्हणाले. ते नाव त्यांनी कुठेतरी ठेवून दिलं, हे सगळ्यांना कळलं. “आता चहा घेता का रे? कोणी मेलं नाई.”

चहा आला तेव्हा आदित्यभाऊ ऑफिसला पोचले. माणसांची गर्दी आणि टेबलावर हार बघून ते दारातच घाबरले. “बाबा, काय झालं?”

“मी गेलो. बस.”

झाला प्रकार कळल्यावर आदित्यभाऊंनी स्वतःहून सांगितलं की मेल त्यांचा होता, सरांनी नको म्हटलं होतं. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला ते अपेक्षित नव्हतं.

“पण त्यात मरणाची बातमी नव्हती, बाबा. आत सगळं लिहिलं होतं. जुन्या हलरचे पार्ट बंद करतोय, एवढंच.”

वासुदेवभाऊंचा कप हातातच थांबला.

“कायचे पार्ट?”

“हलरचे. जुन्या.”

“बंद?”

“हो, भाऊ. मेलमध्ये होतं.”

वासुदेवभाऊंनी खिशातून मोबाइल काढला, मेल उघडला आणि आदित्यभाऊंसमोर धरला. वर ‘दुःखद वार्ता’ होतं. खाली पांढरा चौकोन. आदित्यभाऊंनी चौकोनावर बोट टेकवून बघितलं, तो तसाच राहिला.

“माही मिल त्याच हलरवर हाये,” वासुदेवभाऊ म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. “तं मंग वार्ता दुःखदच हाये ना जी.”

मूलवाल्यांपैकी एक हसला. वासुदेवभाऊ हसले नाहीत. “धान आता महिन्याभरात येईल. हलरची जाळी फाटली तं आमी कुठी जावं? शेलर बसवाले मिलच पाडा लागते माही.”

मोठ्या शेठनी मुलाकडे बघितलं. “हा हलर अजून कोणाकोणाकडे चालू हाये?”

आदित्यभाऊंना माहीत नव्हतं. प्रमोदला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. या लोकांना आम्ही दर महिन्याला पत्र पाठवत होतो.

“इचारलं का कोणाले?”

“नाही, बाबा.”

“मंग बंद कशाच्या भरवशावर करून राह्यला?” ते माझ्याकडे वळले. “सर, तुमचा तो पेपर असते ना. त्याच्यात इचारता येते का?”

“येतं.”

“मंग इचारा. आजच. अन् मी जिता हावो तेबी टाका.”

दुपारी मी मेल लिहिला. सब्जेक्ट लाइन: ‘जुना हलर तुमच्याकडे चालू आहे का?’ मजकूर असा: मोठे शेठ सुखरूप आहेत. कालच्या मेलने गैरसमज झाला, त्याबद्दल माफी. जुन्या हलरचे पार्ट बंद करायचा विचार आहे. तुमची मिल त्यावर चालत असेल तर या मेलला उत्तर द्या, म्हणजे निर्णय घेताना ते लक्षात घेऊ. खाली माझं नाव आणि फोन. त्याआधी आमचा मेल ‘टीम मिल-मित्र’ या नावाने जायचा आणि त्याला उत्तर दिलं तर ते कुठेच पोचत नसे. तशी सोयच केलेली असते, तिला नो-रिप्लाय म्हणतात. ती मी प्रमोदला काढायला सांगितली.

आदित्यभाऊंनी मजकूर वाचला. “बॅनर नाही?”

“नाही.”

“फोटो, लोगो?”

“नाही.”

“फारच साधं नाही का वाटत, सर?”

“तेरवीचा निरोप असाच होता,” मी म्हणालो. “कोण, कुठे, कधी, यावे. त्यात कोणाला काही कमी वाटलं नाही.”

मेल त्यांनीच पाठवला.

उत्तरं आली. हलर आहे असं कळवणारी तर आलीच, पण आमच्याकडे हलर नाही असं कळवणारीही बरीच आली. नाही म्हणायलाही आधी कोणीतरी विचारावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. काहींनी दुसरंच विचारलं. रबरचा रोल एकाच बाजूने का घासला जातो? ओलसर धान घेतलं तर कणी जास्त का पडते? एकाने तेरवीला येता आलं नाही म्हणून माफी मागितली. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं. टाइप करताना माझा हात सावकाश चालतो, पण त्या दिवसांत माझ्याकडे वेळ होता, आणि संध्याकाळी घरी जायची घाई नव्हती.

हलर असलेले लोक आम्हाला वाटले होते त्याहून पुष्कळ जास्त निघाले. पार्ट बंद झाले नाहीत. आता हंगामाआधी मागणी घेतात आणि तेवढेच बनवतात. वासुदेवभाऊंनी सगळ्यांच्या आधी मागणी नोंदवली. फाटली नसतानाही जाळी घेऊन ठेवली.

न्यूजलेटरमधून मनोगत गेलं, शुभेच्छा गेल्या. आता एका अंकात एकाच मिलमालकाचा एक प्रश्न असतो, त्याच्या नावासकट, आणि त्याचं उत्तर. उत्तर आमच्या फिटरला विचारून मी लिहितो. आरोग्य टिपही काढली. सिंदेवाहीहून एकाचा मेल आला: कोमट पाण्याचं बंद केलं काय? म्हणजे तो वाचत होता. त्याला मी कळवलं की चालू ठेवावं.

दिवाळी झाली. एजन्सीचं नाव कोणी काढलं नाही. लक्ष्मीपूजनाला मोठ्या शेठनी सगळ्यांना बोलावलं. गडचिरोलीवाल्याला प्रसाद सर्वांत शेवटी मिळाला. पाडव्यानंतर आदित्यभाऊ टेबलापाशी आले आणि पुढचा अंक कधी देता म्हणाले. मी म्हणालो, नेहमीसारखाच. ते बरं म्हणून गेले. माझं टेबल राहिलं, ते एवढ्या बोलण्यात राहिलं.

पट्टी आता अर्ध्याच्या पुढे हिरवी असते. तेरवीच्या मेलएवढी ती पुन्हा कधी झाली नाही, आणि व्हावी असं मला वाटत नाही.

या कामात नवीन येणाऱ्या पोरांना सब्जेक्ट लाइन आकर्षक कशी करावी हे शिकवतात. त्यासाठी व्हिडिओ आहेत, पुस्तकं आहेत. मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. ओळ लिहून झाली की ती वाचून एखादा माणूस घरातून निघेल काय, ते आधी बघावं. निघणार असेल, तर इथे पोचल्यावर त्याला काय दिसेल, तेही बघून ठेवावं.